कीलाक्षरांचे क्रमांक

जुलै २००६ मध्ये युनिकोड या संगणकीय प्रमाणाची पाचवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि मेसोपोटेमियाच्या कीलाक्षर लिपीतील ९८२ चिन्हांना प्रथमच संकेतांक मिळाले. ज्या लिपीत त्याआधीची एकोणीस शतके कोणी जमाखर्च मांडला नव्हता की कोणाला पत्र धाडले नव्हते, ती संगणकात आणण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा. 'जतनासाठी' असे एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होण्याची रीत आहे. आम्हांस ते उत्तर अपुरे वाटते. पाट्यांचे जतन संग्रहालयात होते. संकेतांकाने काही निराळेच घडते. चिन्हाला क्रमांक द्यावयाचा तर 'एक चिन्ह' कशाला म्हणावे हे आधी ठरवावे लागते. तीन हजार वर्षे चाललेल्या आणि सुमेरी, अक्कादी, एलामी, हित्ती, हुरियन, उरार्तियन अशा परस्परांशी बहुतांशी नाते नसलेल्या भाषांच्या अंगवळणी पडलेल्या लिपीबाबत हे ठरवणे म्हणजे त्या लिपीच्या इतिहासाविषयी एक सिद्धांत मांडणे होय. तो सिद्धांत कोणता, आणि तो मांडताना काय हाती लागले व काय निसटले, एवढाच या लेखाचा विषय.

मुद्दा घरच्या उदाहरणाने समजून घेणे सोपे जाईल. मराठीतला पाकळीचा 'ल' आणि हिंदी छपाईतला दंडाचा 'ल' डोळ्यांना वेगळे दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करताना त्यांतला आपला कोणता हे मुद्दाम सांगितलेही. तरी युनिकोडच्या लेखी दोन्ही 'ल' एकच. फरक केवळ टंकाचा. याउलट 'दर्या' आणि 'दऱ्या' पाहावे. दोन्हींत 'र' आणि 'य' यांचाच संयोग आहे, पण एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' दक्षिणा देताना घोटाळा झाला तर पंगतीत काय होईल ते सांगावयास नको. हा भेद राखण्यासाठी संगणकात 'र' खेरीज नुक्त्याचा 'ऱ' वापरावा लागतो. म्हणजे दिसण्यातला एक फरक गौण ठरला आणि दुसरा जपावा लागला. हा निवाडा करतो तो अर्थ. डोळ्यांवर सोपवून भागत नाही. आता हाच निवाडा एका लिपीच्या शेकडो चिन्हांबाबत करावयाचा आहे आणि साक्षीला त्या लिपीत लिहिणारा एकही मनुष्य उरलेला नाही, अशी कल्पना करावी.

कीलाक्षरांचा उगम इराकच्या दक्षिण भागातील उरुक नगरात, इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमारास झाला. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने ओरखडून चित्रे काढण्यापासून सुरुवात झाली. माती ओरखडली की काठ उसवतात, दाबली की ठसा स्वच्छ उठतो, हे लेखनिकांच्या लवकरच ध्यानात आले असावे. कारण काही शतकांत वळणदार रेषा जाऊन बोरूच्या टोकाचे पाचरीसारखे ठसे तेवढे राहिले. पुढे चिन्हे नव्वद अंशांनी कलली, लेखन डावीकडून उजवीकडे ओळींत होऊ लागले आणि बैलाच्या डोक्यात बैल दिसेनासा झाला. ज्यांचा काळ निश्चित सांगता येतो असे शेवटचे कीलाक्षर लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातले, खगोलविषयक आहेत.

या लिपीची खरी गोम चिन्ह आणि वाचन यांच्या नात्यात आहे. ताऱ्याच्या आकृतीतून आलेले एक चिन्ह घ्या. सुमेरी भाषेत ते 'अन्' म्हणजे आकाश, आणि तेच 'दिंगिर' म्हणजे देव. देवाच्या नावापूर्वी आले तर ते उच्चारावयाचेच नाही, 'पुढे देवाचे नाव आहे' एवढी सूचना घ्यावयाची. अक्कादीत तेच 'अन्' आणि 'इल' ही अक्षरे लिहिण्यास कामी येते. मुखाचे चिन्ह 'का' असेच बहुरूपी: मुख, आवाज, शब्द, दात, बोलणे, असे सारे त्यात सामावते. उलट बाजूने पाहिले तर 'गु' या एका उच्चाराला दोरा, मान, आवाज, बैल आणि खाणे यांची वेगवेगळी चिन्हे आहेत. म्हणूनच अभ्यासक रोमन लिप्यंतरात 'गु'च्या खाली दोन, तीन, चार, सात असे अंक लिहितात, जेणेकरून मूळ पाटीवर कोणते चिन्ह होते ते कळावे.

हे बहुरूपीपण एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षितांना इतके अविश्वसनीय वाटले की वाचन करणारे विद्वान लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकत आहेत अशी शंका घेतली गेली. त्या विद्वानांत हेन्री रॉलिन्सन प्रमुख. या गृहस्थांचा आमच्या मुलखाशी संबंध आहे: १८२७ मध्ये सतरा वर्षांचा हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबईस येण्यास निघाला, तेव्हा त्याच जहाजावर मुंबईचे नियोजित गव्हर्नर जॉन माल्कम होते. इराणचा इतिहास लिहिलेल्या माल्कम यांच्या सहवासात त्याला फार्सीची गोडी लागली, आणि काही वर्षांनी इराणात नेमणूक झाल्यावर १८३५ पासून त्याने बेहिस्तूनच्या कड्यावरील दारयवहु राजाचा त्रैभाषिक लेख उतरवून घेण्यास आरंभ केला. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे प्रसिद्ध परीक्षा झाली. तिग्लथपिलेसर पहिला याचा एक लेख रॉलिन्सन, आयरिश धर्मोपदेशक एडवर्ड हिंक्स, छायाचित्रणकलेचे एक जनक फॉक्स टॅल्बट आणि ज्यूल ओपेर यांनी एकमेकांशी सल्लामसलत न करता भाषांतरित केला आणि लिफाफे उघडल्यावर ती भाषांतरे मुख्य गोष्टींत जुळली. चिन्ह एक आणि वाचने अनेक ही गोष्ट तेव्हापासून वादातीत झाली.

त्या पिढीपुढे बहुतांश लेखन होते ते निनवेच्या अवशेषांतून निघालेले, म्हणजे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील अ‍ॅसिरियन वळणाचे. छपाईचे खिळे पाडले गेले ते त्याच वळणाचे. चिन्हकोशांतील क्रमही त्याच वळणातील पाचरींवरून लागला, आणि विद्यार्थी हजार वर्षे जुना हम्मुराबीचा कायदाही कित्येकदा निनवेच्या वळणात गिरवू लागले. सापडले आधी म्हणून ते प्रमाण झाले, यापलीकडे त्या निवडीला फारसे कारण नव्हते.

संगणकासाठी निवड करण्याची वेळ आली तेव्हा मात्र कारणे द्यावी लागली. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कीलाक्षरांचे अभ्यासक आणि युनिकोडचे जाणकार एकत्र बसले. २००३ मध्ये पुन्हा बैठक झाली. आणि जून २००४ मध्ये मायकेल एव्हरसन, कार्लयुर्गेन फॉयरहर्म आणि स्टीव्ह टिनी यांनी अंतिम प्रस्ताव सादर केला. उगारिती आणि प्राचीन फार्सी या लिप्यांचा त्यात प्रश्न नव्हता. त्या पाचरींनीच लिहिल्या जात, पण त्यांची चिन्हे मोजकी, आणि मेसोपोटेमियाच्या चिन्हांशी त्यांचे कूळ जुळत नाही. त्यांना २००३ आणि २००५ मध्ये स्वतंत्र विभाग मिळाले होते. ठसा पाचरीचा आहे म्हणून लिपी एक ठरत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

प्रस्तावकांनी पाया म्हणून उरच्या तिसऱ्या राजघराण्याचा काळ धरला, म्हणजे स्थूलमानाने इ.स.पू. एकविसावे शतक. आम्हांस ही निवड शहाणपणाची वाटते. त्या राजवटीच्या कारकुनांनी मेंढ्यांपासून वेताच्या मोळ्यांपर्यंत दिसेल ते मोजून लिहून ठेवले. त्यांच्या पाट्या लाखाच्या घरात उपलब्ध आहेत. शिवाय त्या काळी बरीच चिन्हे एकमेकांपासून अजून वेगळी होती. पुढच्या दीड हजार वर्षांत लेखन झरझर होत गेले तशी काही चिन्हे एकमेकांत विरघळली. यावर प्रस्तावकांचा नियम असा: इतिहासात कधीतरी दोन चिन्हे वेगळी होती असे दिसले, तर त्यांना कायमचे वेगळे संकेतांक द्यावयाचे, मग पुढे ती दिसण्यात एक झाली तरी हरकत नाही.

नियम कागदावर सुबक आहे. त्याची किंमत एका उदाहरणाने कळते. उरच्या काळात 'कु' हे एक चिन्ह, 'तुग्' म्हणजे वस्त्र हे दुसरे, आणि 'एश्' म्हणजे दोरी हे तिसरे. निनवेच्या काळात तिन्ही ठसे हुबेहूब एक झाले; जुन्या चिन्हकोशांत ती एकाच क्रमांकाखाली नांदतात. आता अशुर्बनिपालच्या ग्रंथालयातील पाटी संगणकात उतरवून घेणाऱ्याने काय करावे? डोळ्यांना दिसते ते एकच चिन्ह. संकेतांक निवडावयाचे तीन. म्हणजे आधी वाक्य लावावयाचे, शब्द ओळखावयाचा, आणि मग 'मला अमुक चिन्ह दिसले' असे लिहावयाचे. लिप्यंतरात वाचकाचा निर्णय मिसळतो आणि चिन्हांचा पाठ तेवढा निर्मळ असतो, असे जे मानले जाते ते येथे टिकत नाही. आमचा आक्षेप निवडीवर नाही. कोणताही दुसरा काळ पाया धरला असता तरी कोठेतरी हीच ठेच लागली असती. आक्षेप आहे तो संकेतांकाचा पाठ म्हणजे पाटीचे प्रतिबिंब समजण्यावर.

दुसरा पेच जोडचिन्हांचा. मुखाच्या चिन्हात भाकरीचे चिन्ह कोंबले की 'खाणे', पाण्याचे कोंबले की 'पिणे'. मग मुख, पाणी आणि 'आत ठेव' अशी आज्ञा, एवढ्यांना क्रमांक देऊन उरलेले काम संगणकावर सोपवावे, की प्रत्येक तयार चिन्हाला आपला क्रमांक द्यावा? पहिला मार्ग मोहक आहे, कारण सुमेरी लेखनिकांची युक्ती त्यात जिवंत राहते आणि उद्या सापडणाऱ्या जोडचिन्हांची सोय आधीच होते. स्वीकारला गेला तो दुसरा. एकात एक बसलेली चिन्हे अखंड मानली गेली. शेजारी शेजारी लिहिलेली मात्र घटकांच्या क्रमाने लिहावयाची. परिणामी चिन्हांची अधिकृत नावे पाककृतीसारखी झाली आहेत: 'का' गुणिले 'आ' म्हणजे मुखात पाणी, अमुकावर तमुक, अमुकाला तमुक छेदून. नाव वाचून चिन्ह मनात उभे राहते ही त्यातली गंमत, आणि नाव चुकले तर ते बदलता येत नाही हा जाच. युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव कायमचे असते. 'शिर्' या घटकावरून नावे दिलेली दोन चिन्हे प्रत्यक्षात 'नु' (क्रमांक अकरा) या चिन्हावरून घडलेली आहेत असे नंतर ठरले. चुकीची नावे तशीच राहिली आणि दुरुस्ती उपनावांच्या यादीत नोंदली गेली. सातबाऱ्यावरची आजोबांच्या नावातली चूक दुरुस्त करावयास निघालेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आता उपयोगाविषयी. ज्यांच्यासाठी हे सारे झाले त्या अभ्यासकांनी या संकेतांकांचा वापर पुष्कळ दिवस जेमतेमच केला. त्यांची दैनंदिन भाषा रोमन लिप्यंतराची. रॉबर्ट एंग्लंड आणि पीटर डामेरो यांनी १९९८ च्या सुमारास उभे केलेले कीलाक्षरांचे अंकीय ग्रंथालय असो, की ऑक्सफर्डमध्ये १९९७ ते २००६ या काळात सुमारे चारशे सुमेरी रचना उपलब्ध करून देणारा प्रकल्प असो, पाया लिप्यंतराचाच. त्यात चिन्ह अर्धे तुटले आहे, वाचन शंकास्पद आहे, लेखनिकाने चूक केली आहे, अशा खुणा साध्या कळफलकावरून करता येतात. संकेतांकाला अर्धे तुटणे माहीत नाही. चिन्ह आहे किंवा नाही.

एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले आणि सुमारे १५,००० वस्तू गेल्या. ज्या वर्षी बाल्टिमोरची दुसरी बैठक झाली तेच हे वर्ष. गेलेल्या वस्तूंपैकी निम्म्याच्या आसपास पुढे परत आल्या. मार्च २०१५ मध्ये निमरूदचे अवशेष यंत्रे लावून उद्ध्वस्त करण्यात आले. अशा प्रसंगी उपयोगी पडतात ती छायाचित्रे, मापे, नोंदवही; संकेतांकांनी पाटी वाचत नाही. लेखनिकाच्या हाताचा कल, बोरू कोठे जोरात दाबला गेला, कडेवरून मागे वळून गेलेली ओळ, यांतले काहीही क्रमांकात उतरत नाही. जतनाचा दावा आम्हांस पटत नाही तो यामुळे.

तरीही क्रमांक वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे गिऱ्हाईक उशिरा आले, आणि ते यंत्र होते. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पाच लाखांच्या आसपास पाट्या व तुकडे असावेत असा अंदाज दिला जातो. वाचणारे मात्र काही शेकडा. २०२० मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी अ‍ॅसिरियन राजलेखांतील चिन्हांची ओळ यंत्राला देऊन तिचे लिप्यंतर करवले आणि ते सुमारे ९७ टक्के अचूक आल्याचे नोंदवले. २०२३ मध्ये याच क्षेत्रातील मंडळींनी अक्कादीचे इंग्रजी भाषांतर एकदा लिप्यंतरावरून आणि एकदा थेट चिन्हांवरून करून पाहिले. दोन्हींचा दर्जा जवळजवळ सारखा निघाला. आखूड वाक्ये बरी जमली, लांबलचक वाक्यांत यंत्र भरकटले. चिन्ह एक आणि वाचने अनेक हे कोडे यंत्राला संदर्भावरून उलगडता आले, ही १८५७ च्या परीक्षकांना मौजेची वाटली असती अशी गोष्ट. मात्र यंत्राला दिलेल्या चिन्हओळी पाटीवरून थेट आलेल्या नव्हत्या. माणसांनी केलेल्या लिप्यंतरावरून त्या उलट्या तयार केल्या होत्या. म्हणजे 'कु' की 'तुग्' हा निर्णय आधीच कोणीतरी करून ठेवलेला होता.

येथे एक तारीख नोंदवल्यावाचून राहवत नाही. आमची मोडी लिपी युनिकोडमध्ये आली ती जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत, ७९ चिन्हांसह. त्याच आवृत्तीत कीलाक्षरांच्या राहिलेल्या काही चिन्हांची भर पडली. विसाव्या शतकापर्यंत हयात असलेली, पुण्याचे पेशवे दप्तर जिच्यात भरलेले आहे ती लिपी, उर आणि बाबिलोनच्या मागे आठ वर्षे रांगेत उभी होती. यात कोणाचा कट नाही. या प्रमाणात स्थान मिळते ते नेटका प्रस्ताव लिहून पाठपुरावा करणाऱ्यांना. कीलाक्षरांना तशी माणसे आधी मिळाली, मोडीला अंशुमन पांडे यांच्या रूपाने उशिरा मिळाली. मोडीतही 'एक चिन्ह कोणते' हा प्रश्न होताच: जुन्या लेखनात वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नसे, तरी संकेतांक दोन्हींना दिले आहेत. दप्तरातला कागद उतरवून घेणाऱ्याला निनवेच्या पाटीपुढे बसलेल्या माणसासारखाच निर्णय करावा लागतो.

कीलाक्षरांच्या बाजूस काम थांबले नाही. २०१५ च्या आठव्या आवृत्तीत आरंभीच्या राजघराण्यांच्या काळातील १९६ चिन्हे आली आणि एकूण संख्या १२३४ झाली. (हा आकडा कोणी मुद्दाम जुळवलेला नाही.) यांतली बरीच शुरुप्पक नगरीच्या पाट्यांवर आणि शब्दयाद्यांत आढळतात. शब्दयाद्या हा मेसोपोटेमियाच्या पाठशाळांचा कणा. व्यवसायांची एक यादी उरुकमध्ये लेखनाच्या आरंभकाळी तयार झाली आणि पुढे काही शतके जवळपास तशीच उतरवली गेली, त्यातली कित्येक पदे व्यवहारातून नाहीशी झाल्यावरही. मृत चिन्हांना क्रमवार जागा देऊन ती पुढच्या पिढीकडे सोपवण्याचे काम, असे पाहिले तर, बाल्टिमोरला सुरू झालेले नाही.

सर्वांत जुनी, उरुकची चिन्हे मात्र २०२५ मध्ये आलेल्या सतराव्या आवृत्तीपर्यंत बाहेरच होती. शेकडो चिन्हांची ओळखच पक्की नाही, हे एक कारण. आणि जेथे ओळख पक्की आहे तेथे अडचण आणखी विलक्षण. उरुकच्या हिशेबनिसांकडे साठेक अंकचिन्हे आणि डझनाहून अधिक मोजणीपद्धती होत्या. डामेरो आणि एंग्लंड यांनी १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये संगणकाच्या साहाय्याने त्यांची उकल केली. त्यांत बोरूच्या बोथट टोकाने केलेला एक गोल दाब आहे. मेंढ्या मोजताना तो दहा एककांचा. धान्य मोजताना सहा एककांचा. शेत मोजताना अठरा एककांचा. दाब तोच, बोरू तोच, कदाचित हिशेबनीसही तोच. २००६ च्या प्रमाणात एक दाखवणारी उभी पाचर आणि साठ दाखवणारी उभी पाचर यांना वेगवेगळे संकेतांक दिले गेले, कारण आरंभी साठाची पाचर आकाराने मोठी असे. उरुकचा हा दाब मेंढीपुढे आणि शेतापुढे सारखाच आहे. त्याची किंमत त्याच्या शेजारी काय लिहिले आहे त्यावरून ठरते, आणि त्या शेजारच्या चिन्हांपैकी कित्येक अजून कोणाला वाचता आलेली नाहीत.